मासे वाचवायला जकात वाढवावी, की माल अडवावा?

बर्फातली कोळंबी बघून ती कुठल्या जाळ्यातली, हे कस्टमवाल्याला कळत नाही. जकातीची, म्हणजे आयात शुल्काची, खरी अडचण इथे आहे. जाळ्यात आलेलं कासव सोडून धरलेली आणि कासव मारून धरलेली कोळंबी, दोन्हींना दर सारखाच. मग नाखव्याने नीट का वागावं? वर ‘भरा पैसे, धरा मासे’ असा परवानाच मिळतो. एकाच देशावर दर चढवणं जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत सहज बसतही नाही.

बंदी मात्र थेट जाळ्यालाच हात घालते. अमेरिकेच्या 1989 च्या कायद्याने अट घातली, कासव सुटायची सोय असलेलीच ट्रॉलरची कोळंबी घेऊ. ही सोय म्हणजे जाळ्याच्या पिशवीआधी तिरपी बसवलेली सळयांची जाळी. सळयांत साधारण 10 सेंटिमीटर फट असते. कोळंबी आत जाते, कासव सळयांना अडून वरच्या किंवा खालच्या झडपेतून निसटतं. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत भांडले. 1998 च्या निकालात हेतू मान्य झाला, वागणूक नाही; कॅरिबियन देशांना तयारीला तीन वर्षं, आशियाला चार महिने! (हा भेदभाव अमेरिकेला पुढे सुधारावा लागला.)

बंदीचा घाव मात्र सरसकट बसतो. याच कायद्याखाली 2019 पासून भारतातल्या ट्रॉलरच्या कोळंबीला अमेरिका बंद झाली, त्यात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला ट्रॉलरही आला. आंध्रच्या तळ्यात वाढवलेली वनामी कोळंबी मात्र जात राहिली.

तिसरा मार्ग सवलतीचा, आणि मला तोच भावतो. फिलिपिन्सच्या डबाबंद ट्यूनावर युरोपात 20.5 टक्के शुल्क होतं. डिसेंबर 2014 मध्ये पर्यावरण आणि कामगारविषयक करार पाळण्याच्या अटीवर ते शून्य झालं. त्याच वर्षी जूनमध्ये बेकायदा मासेमारीवरून युरोपने पिवळं कार्डही, म्हणजे ‘सुधारा, नाहीतर माल बंद’ असा इशाराही, दाखवलं होतं. पुढच्या फेब्रुवारीत मासेमारी कायदा कडक झाला, एप्रिलमध्ये कार्ड उठलं. माझ्या मते धाक कार्डाचाच होता. पण सवलतीमुळे कारखानदारांना गमावण्यासारखं काहीतरी मिळालं.

म्हणून नुसती जकात वाढवायचा विचार असेल तर सोडा. कारखान्यातून जाणाऱ्या मालाला अटीची सवलत आणि मागे कार्ड ठेवा. कोळंबीसारख्या, जाळं तपासता येईल अशा धंद्यात बंदी चालेल, पण आधी मुदत द्या आणि सळयांच्या जाळीचा खर्च कोण देणार ते ठरवा. झडपेतून कोळंबीही जाते, ही तांडेलाची तक्रार खोटी नाही.