व्हाइट प्रिव्हिलेजचा ऑनलाइन कोर्स: दुसरा रविवार पैसे वसूल, पहिला वाया

४ रविवार, दर वेळी २ तास, झूमवर, फी ८० डॉलर. न्यू जर्सीच्या ऑफिसात 'व्हाइट प्रिव्हिलेज' (गोरं असल्यामुळे न मागता मिळणारा फायदा) हा शब्द इतक्यांदा कानावर पडायचा की मीटिंगमध्ये समजल्यासारखी मान डोलवायची आणि घरी येऊन बायकोला विचारायचं, हे नक्की काय असतं गं. शेवटी भरले पैसे. कोर्सचं नाव देत नाही कारण पुढे थोडं वाकडंही बोलणार आहे.

पहिला रविवार वायाच गेला. दहा बोटं वर धरायची आणि शिकवणाऱ्या बाई एकेक वाक्य वाचणार, दुकानात तुमच्या मागे सिक्युरिटीवाला फिरला असेल तर एक बोट खाली वगैरे. शेवटी ब्लॅक बायकांच्या मुठी बंद, गोऱ्यांची बोटं वर आणि चेहरे ओशाळलेले, माझी सहा उरली आणि त्या सहांचं काय करायचं ते कोणी सांगितलंच नाही. आमच्यात वेस्ट व्हर्जिनियाचा एक गोरा काका होता, वडील कोळशाच्या खाणीत, घरात कायम उधारी. तो म्हणाला, मला कसलं आलंय प्रिव्हिलेज? प्रश्न रास्त होता हो. बाईंनी "तुम्हाला हे जड जातंय, साहजिक आहे" म्हणून पुढची स्लाइड लावली. अरे उत्तर द्या ना!

उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ठेवलं होतं तिसऱ्या रविवारी. डेव्हा पेजर म्हणून समाजशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी मिलवॉकीत पोरं पाठवली साध्या नोकऱ्या मागायला, शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त दोघं गोरे आणि दोघं ब्लॅक, आणि प्रत्येक जोडीत आळीपाळीने एकाने सांगायचं की मी ड्रगच्या केसमध्ये जेल भोगून आलोय. २००३ साली निकाल छापून आला. जेलमधून आलेल्या गोऱ्याला १७ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, आणि ज्याच्यावर कसलाच डाग नाही त्या ब्लॅक पोराला १४ टक्के. मी ते दोन आकडे उलटे वाचले की काय म्हणून परत बघितले. काका बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला १७ म्हणजे काही फार नाही. तेही खरंच. त्याच दिवशी बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन ह्या अर्थशास्त्रज्ञांचा २००४ चा रेझ्युमेवाला प्रयोगही झाला, बॉस्टन आणि शिकागोत जवळपास ५००० रेझ्युमे पाठवलेले, एमिली-ग्रेग अशी गोऱ्यांची नावं असली तर साधारण १० अर्जांमागे एक फोन, लकीशा-जमाल अशी ब्लॅक लोकांची असली तर १५ मागे एक. हे पहिल्या दिवशी दाखवलं असतं तर बोटांचा खेळ लागलाच नसता.

आता दुसरा रविवार. ह्यासाठीच घ्या कोर्स. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन ह्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, हिरवा निळा पिवळा लाल, लाल म्हणजे कर्ज द्यायला सगळ्यात धोक्याचं, आणि ब्लॅक वस्ती असली की बहुतेक लाल. पण नुसत्या नकाशाने काय होतंय, खरी नाडी एफएचएच्या (फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, दुसरी सरकारी संस्था) हातात होती, १९३४ पासून घरकर्जाचा विमा तेच द्यायचे आणि अशा वस्त्यांना तो मिळत नसे, आणि विमा नाही तर बँक कशाला दारात उभं करेल. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ मध्ये लेव्हिटाउन ही वसाहत उभी राहिली, स्वस्त घरं, युद्धावरून आलेल्या सैनिकांसाठी, आणि करारातच लिहिलेलं की गोऱ्यांशिवाय कोणी राहायचं नाही (घरातला नोकर चालेल, हे विशेष!). त्याच १९४७ मध्ये मिसिसिपीत सैनिकांना सरकारी हमीची ३२०० च्या वर कर्जं मिळाली, त्यातली ब्लॅक सैनिकांना किती? २. दोन टक्के नाही, दोन.

१९६८ ला फेअर हाउसिंग ॲक्ट आला, म्हणजे घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश बघायला बंदी, पण तोवर एका बाजूच्या आजोबांचं घर वीसेक वर्षं किंमत वाढवत बसलेलं. त्या घरावर मुलाची कॉलेजची फी निघते, नातवाचं डाउन पेमेंट निघतं, आणि शाळांचा बराच पैसा प्रॉपर्टी टॅक्समधून येतो म्हणजे चांगला एरिया तर चांगली शाळा. दुसऱ्या बाजूच्या आजोबांनी आयुष्यभर भाडं भरलं. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या सर्व्हेत मीडियन (म्हणजे बरोबर मधल्या) गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर, ब्लॅक कुटुंबाची ४४,९००. ह्यात कोणी कोणाकडे वाकडं बघितलं असं काही लागतच नाही, कागद आपोआप काम करत राहतो. मला तरी हा शब्द इथे कळला.

चौथा रविवार घाईघाईत उरकला आणि माझी खरी तक्रार इथे आहे. पंजाबातून अमेरिकेत आलेल्या भगतसिंग थिंड यांना जेमतेम तीन मिनिटं! पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, नागरिकत्व मागितलं, तेव्हा १७९० पासूनच्या कायद्याने ते 'गोऱ्या माणसालाच' (१८७० नंतर आफ्रिकन वंशाच्यांनाही). तर युक्तिवाद काय, मी उच्चवर्णीय, आर्य, म्हणून गोराच. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, सामान्य माणूस तुला गोरा समजत नाही, विषय संपला. म्हणजे थिंड काय म्हणत होते, तर सगळ्यांना दार उघडा म्हणायच्या ऐवजी मला तेवढं आत घ्या. भारतीयांना नागरिकत्व १९४६ ला उघडलं, आणि आमच्यासारख्यांना रांगेत उभं राहता आलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, जो ब्लॅक लोकांच्या सिव्हिल राइट्स चळवळीच्या लाटेत आला. पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायची पार्टी) 'आम्ही मेहनतीने आलो, ब्लॅक लोकांना काय झालंय' म्हणणारे आहेत ना आपल्यात, मीही हसून साथ दिलीय त्याला, त्यांना हा तास नीट शिकवायला हवा होता.

५ पैकी साडेतीन. दुसऱ्या रविवारचे ते रंगीत नकाशे युनिव्हर्सिटी ऑफ रिचमंडच्या साइटवर फुकट आहेत, आपण राहतो ते शहर शोधून बघा, घर घेताना एजंट दाखवत नाही ते दिसतं. बाकी सर्टिफिकेट येतं त्यावर माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, दोनदा मेल केला, अजून उत्तर नाही. रेकॉर्डिंग ३० दिवसच राहतं, त्यामुळे दुसरा रविवार लगेच परत बघून टाका.