इंजिन बंद, तरी बूस्ट एक बार!

“किल्ली ऑन कर, गाडी चालू करू नको. आता पाय दाब,” मेकॅनिक चाचा म्हणाले. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि नव्या बूस्ट गेजचा, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा, काटा सरसर एक बारवर गेला. इंजिन बंद, टर्बो जागचा हललेला नाही. माझे १७ हजार कुठं गेले ते मला तिथंच कळलं.

गाडी जुनी घेतलेली स्विफ्ट डिझेल, १२४८ सीसी, ७५ पीएसची. पुणे हायवेला ओव्हरटेक करताना दम कमी पडतो, ही तक्रार माझीच. सोलापुरातल्याच एका गॅरेजवाल्यानं ‘इंपोर्टेड बूस्ट कंट्रोलर, सेटिंगसकट’ बसवून दिला. बिल मागितलं तर म्हणाला, “मालक, बिल केलं की जीएसटी लागतोय.” मीही हावरटासारखा गप्प बसलो. होटगी रोडला चक्कर मारली तेव्हा काटा दीड बारवर. “आता उडतीय बघा!” मलाही उडाल्यासारखंच वाटलं.

आठवड्यानं घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघालो. घाटाच्या चढावर चेक लाइट पेटला आणि गाडीचा जीवच गेला. दुसऱ्या गिअरमध्ये रडतरडत वर पोचलो. आई मागून म्हणाली, “आधी बरी चालत होती की रे.”

परत आल्यावर जुन्या ओळखीच्या चाचांकडं गेलो. स्कॅनरवर कोड आला पी०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट, टर्बोचा दाब मर्यादेबाहेर. टर्बोकडून ॲक्चुएटरला जाणारी रबरी नळी त्यांनी उपसली, तर आत बोटाच्या पेराएवढा बोल्ट ठोकलेला! या नळीतून दाब आला की ॲक्चुएटरचा दांडा सरकतो, वेस्टगेटची झडप उघडते आणि जादा एक्झॉस्ट टर्बोच्या चाकाला वळसा घालून बाहेर जातो. खरा कंट्रोलर याच दाबातला थोडा सोडून देतो, म्हणून झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो. इथं नळीच बंद, म्हणजे झडप उघडणारच नाही. ईसीयूनं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं, वेळेत इंजिनाची ताकद तोडली म्हणून टर्बो वाचला. ‘कंट्रोलर’च्या काळ्या डबीत एक निळा दिवा आणि मूठभर एमसील. गेजची वायर ॲक्सिलरेटरच्या सेन्सरला जोडलेली. पाय दाबला की काटा वर, बस्स.

गॅरेजवाला म्हणतो, “तुम्हीच जास्त रगडली.” बिल नाही, पैसे त्याच्या मेव्हण्याच्या नावावर यूपीआयनं गेलेले. स्क्रीनशॉट आणि त्या बोल्टचे फोटो जोडून ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार टाकलीय.

कुणाला हे काम करायचंच असेल तर गेजची नळी इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डपर्यंत जाते का, ते बॉनेट उघडून बघा. जागेवर उभ्या गाडीची नुसती रेस वाढवून कुणी मोठा आकडा दाखवला तर तिथंच थांबा. इंजिनावर लोड नसताना टर्बो तेवढा दाब करत नाही. सेटिंग सगळ्यात खालून सुरू होतं आणि रस्त्यावर गेज बघत थोडंथोडं चढवतात. ॲक्चुएटरच्या स्प्रिंगचा जो दाब, त्याच्या खाली कुठलाच कंट्रोलर बूस्ट आणू शकत नाही. आणि डिझेलमध्ये इंधन न वाढवता नुसती हवा कोंबून फारशी ताकद मिळत नाही, हे मला चाचांनी सांगितलं, तेही फुकट.

नवी नळी टाकून, कोड पुसून त्यांनी ३०० रुपये घेतले. डॅशबोर्डला पडलेलं भोक तेवढं तसंच आहे.