बॅरलवरचा गंज: तेलाने घासायचा, रसायनाने उतरवायचा की नवं ब्ल्यूइंग करायचं?

सोलापूरची हवा कोरडी, इथं हत्याराला कसला गंज लागतोय, हा समज उन्हाळ्यातच खोटा ठरतो. एप्रिल-मेमध्ये कमरेला लावलेल्या पिस्तुलावर घामातलं मीठ बसतं आणि रात्री ज्या खोलीत कूलर चालतो त्याच खोलीतल्या कपाटात ते ठेवलं जातं. बाहेर रखरखाट असला तरी कूलरच्या खोलीत हवा दमट असते. मीठ आणि ओल एकत्र आली की बॅरलवर तांबूस ठिपके उठायला पावसाळ्याची वाट बघावी लागत नाही.

ठिपके दिसले की तीन मार्ग समोर येतात. निवडण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या: बॅरलचा निळसर-काळा रंग हा रंग नसतोच. तो लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यालाच ब्ल्यूइंग म्हणतात. गंज हाही लोखंडाचाच ऑक्साइड, फक्त भुसभुशीत आणि ओल धरून ठेवणारा. व्हिनेगर, फॉस्फरिक आम्ल किंवा बाटलीतला गंजनाशक या दोघांत फरक करत नाही. गंजाबरोबर ब्ल्यूइंगही निघून जातं आणि ठिपक्याच्या जागी पांढरा चट्टा उरतो. ‘आम्ल नाही, हाताला सुरक्षित’ असं लिहिलेली द्रावणंसुद्धा ब्ल्यूइंग उतरवतात. त्यांची सुरक्षितता तुमच्या हातापुरती असते.

म्हणून ब्ल्यूइंग बऱ्यापैकी शाबूत असेल तर पहिला मार्ग तेल आणि चार शून्यांची (००००), म्हणजे सगळ्यात बारीक पोलादी तंतूंची, स्टील वूल. वेळ लागतो, पण कधी थांबायचं ते आपल्या हातात राहतं. आधी मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तूल असेल तर माहितीपुस्तिकेत सांगितलंय तेवढंच खोला. रिव्हॉल्व्हरची बाजूची प्लेट उघडू नका. डागावर शिलाई मशीनचं किंवा बंदुकीचं पातळ तेल लावून तासभर मुरू द्या, डाग जुना असेल तर रात्रभर. मग सुपारीएवढा वूलचा गोळा चार-पाच थेंब तेलात भिजवून बॅरलच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. दहा-पंधरा फेऱ्या झाल्या की पांढऱ्या फडक्याने पुसा आणि फडकं बघा. डाग विटकरी असेल तर गंज निघतोय, चालू ठेवा. काळपट-निळा उतरू लागला तर तिथंच थांबा, आता ब्ल्यूइंग जातंय.

इथं फसगत होते ती घासणीत. भांड्यांची तारेची घासणी किंवा पॉलिश पेपर लावला की ओरखडे कायमचे. तांब्याची म्हणून मिळणारी घासणीही आधी लोहचुंबकाला लावून बघा. चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार आहे. खड्ड्यातला गंज बांबूच्या टोकदार काडीने तेल घालून उकरावा. खड्डा मात्र भरून येत नाही, तो सपाट करायच्या नादात भोवतीचं चांगलं ब्ल्यूइंग घालवू नये. बॅरलच्या नळीच्या आत स्टील वूल अजिबात नाही. तिथं त्याच कॅलिबरचा (नळीच्या मापाचा) फॉस्फर ब्राँझचा ब्रश, आणि तो अर्ध्यातून मागे न ओढता पूर्ण पार करायचा.

पृष्ठभाग कसला आहे त्यावरही हा मार्ग ठरतो. स्टेनलेसवर साध्या पोलादाची वूल वापरली तर तिचे कण रुतून तेच गंजतात, तिथं ब्राँझ वूल घ्या. मॅट फॉस्फेट फिनिश (पोलादावरचा करडा, बिनचकाकीचा थर) घासलं की चकाकतं, त्याला फक्त तेल आणि नायलॉनचा ब्रश. निकेलच्या मुलाम्याखालून गंज वर येत असेल तर घासून काही होत नाही.

रसायनाचा मार्ग तेव्हाच, जेव्हा वाचवण्यासारखं ब्ल्यूइंग उरलेलंच नाही. आम्लानंतर उघडं पडलेलं पोलाद काही मिनिटांत पुन्हा तांबूस होऊ लागतं. त्यामुळे लिटरभर पाण्यात मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून धुणं, लगेच पूर्ण वाळवणं आणि तेल लावणं हे सलग झालं पाहिजे. स्प्रिंगा आम्लात टाकू नयेत, त्या ठिसूळ होऊन तुटू शकतात. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेमही दूर ठेवा. संडास साफ करायच्या आम्लाचं तर नावही नको, त्याची वाफ शेजारच्या अवजारांनाही गंज चढवते.

तिसरा मार्ग नव्या ब्ल्यूइंगचा, आणि त्यात दोन प्रकार. बाटलीतलं कोल्ड ब्ल्यू छोट्या चट्ट्यापुरतं ठीक. ॲसिटोनने तेलाचा अंश काढायचा, ड्रायरने बॅरल कोमट करायची, बोळ्याने लावून मिनिटभराने धुऊन वाळवायचं, वूल हलकी फिरवायची, असं दोन-तीनदा. त्यात बहुधा सेलेनियमचं विषारी संयुग असतं, तेव्हा हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. रंग मूळच्याशी हुबेहूब जुळत नाही आणि गंजापासून संरक्षण नावालाच. हॉट ब्ल्यूइंग म्हणजे कॉस्टिक क्षारांच्या सुमारे १४० अंशांच्या उकळत्या द्रावणातलं काम, घरी करायचं नव्हे. ते टिकतं, पण आधीच्या पॉलिशमध्ये कडा आणि कोरलेली अक्षरं बोथट होतात. क्रमांक आणि प्रूफची खूण (हत्यार चाचणीत उतरल्याचा शिक्का) पुसट होणार नाही हे देण्यापूर्वीच बोलून घ्या. हत्याराचा क्रमांक खोडणं हा गुन्हा आहे.

आणि द्यायचं कुणाकडे? शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. प्लेटिंगवाला कितीही हुशार असला तरी परवान्याशिवाय त्याच्या हातात हत्यार ठेवणं तुम्हालाच अडचणीत आणेल. परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्या आणि पावती घ्या.

गंज गेल्यावर वर काय लावायचं, हे हत्यार कुठं राहतं त्यावर ठरतं. रोज कमरेला असेल तर आमचं मत मेणाच्या बाजूने. तेल घामाने आणि कपड्याने पुसलं जातं, शिवाय सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या आसपास उडणारा कापसाचा तंतू तेलकट पोलादावर चिकटून ओल धरतो. मायक्रोक्रिस्टलाइन मेण (पेट्रोलियमपासूनचं बारीक कणांचं मेण) तेल काढलेल्या बाहेरच्या पृष्ठभागावर अगदी पातळ लावा, दहा मिनिटांनी चोळा, मग दुसरा हात. चेंबर, नळी आणि हलत्या भागांना मेण नाही. गाडीचं पॉलिश वापरू नका, त्यात बऱ्याचदा घासणारे कण असतात. चोळायला टर्किश टॉवेलही नको. सोलापुरी असला तरी तंतू सोडतोच, जुनं धोतर बरं.

कपाटात राहणाऱ्या हत्याराला पातळ तेल पुरतं, महिन्यातून एकदा पुसून नवं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, टिकाऊ थर म्हणून नव्हे. खोबरेल कालांतराने चिकट होतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) ठेवू नका, चामडं ओल आणि क्षार धरतं. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोनेक तास तापवून परत वापरता येतात.

निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा करावं लागलं तर कित्येक आठवडे त्याला कुणी हात लावणार नाही. तेव्हा बाहेरून मेण आणि नळीत जरा जाड तेल देऊन, होल्स्टरविना सुती कापडात गुंडाळून द्या. परत आल्यावर गोळी झाडण्याआधी नळीतून आणि चेंबरमधून कोरडी चिंधी फिरवा, ती कोरडी बाहेर येईपर्यंत. नळीत साचलेल्या तेलाने दाब वाढतो.