तारीख नसलेली कामं: थिंग्ज ३ की टुडुइस्ट?

पासपोर्ट रिन्यू करायचाय, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, जपानी शिकायचंय... करायचं सगळंच आहे पण कधी ते ठरलेलं नाही, अशी कामं थिंग्ज ३ किंवा टुडुइस्टसारख्या, कामांची यादी ठेवायच्या ॲपमध्ये कुठे ठेवायची हा खरा प्रश्न.

थिंग्ज ३ मध्ये यासाठी 'समडे' नावाची वेगळी जागाच आहे. काम तिकडे टाकलं की ते 'टुडे' म्हणजे आजच्या यादीत नाही, 'एनीटाइम' म्हणजे आता कधीही करता येतील अशा कामांच्या यादीतही नाही, आणि प्रोजेक्टमध्ये असेल तर खाली वेगळं दिसतं, त्याच्यापुढचा टिक करायचा चौकोनही तुटक रेषेचा, म्हणजे बघताक्षणी कळतं की हे आत्ताचं नाही. मला हे फार आवडतं, डोकं खरंच शांत राहतं. पण समडेमध्ये गेलेलं काम तुम्ही स्वतः उघडून बघितल्याशिवाय समोर येत नाही, म्हणून दर रविवारी 'समडे बघ' असं रिपीट होणारं काम लावाच, नाहीतर पासपोर्ट एक्स्पायर होईल तरी पत्ता लागायचा नाही.

टुडुइस्टमध्ये अशी तयार जागा नाही, तारीख दिली नाही की झालं, मग एकतर वेगळा प्रोजेक्ट करा नाहीतर लेबल लावा. सेटिंगचा थोडा कुटाणा आहे, पण फिल्टर जबरदस्त! तारीख नसलेली आणि ३० दिवसांपेक्षा जुनी कामं, एवढाच फिल्टर केला की नुसती पडून राहिलेली सगळी बाहेर येतात.

थिंग्ज फक्त ॲपलवर चालतं, त्यामुळे अँड्रॉइडवाल्यांना टुडुइस्टच. दोन्ही चालत असतील तर मी थिंग्जच घ्या म्हणेन, फक्त ते रविवारचं काम आधी टाका.