१९६६ची एमजीबी रोडस्टर: काही महिने चालवल्यावर

इंग्लंडमध्ये राहून जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची आणि ती खरोखर चालवायची असेल, तर मी बेधडक एमजी कंपनीची एमजीबी सांगेन. माझी रोडस्टर आहे, म्हणजे उघड्या छताची. ऑफिस, बाजार, रविवारची भटकंती, सगळीकडे मी तीच नेतो.

१९६२ साली ती एमजीच्या इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून आली. तिचे डिझायनर सिड एनेव्हर आणि डॉन हेटर यांनी केलेला मोठा बदल वरून दिसत नाही. आधीच्या एमजीएला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, होती. इथे ती काढून टाकली आणि सगळा भार पत्र्याच्या बॉडीवर दिला. म्हणून गाडी एमजीएपेक्षा आखूड असूनही आत ऐसपैस आहे. उंच माणसालाही पाय लांब करून बसता येतं.

१७९८ सीसीचं इंजिन ९५ हॉर्सपॉवरचं. आजच्या हिशेबात काहीच नाही, पण कमी वेगातही ते छान ओढतं आणि ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) टाकला की मोटरवेवर शांत चालतं. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न खरखरता बसवणारी सोय) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकायचा. पार्किंगला स्टिअरिंग जड, आणि जोराच्या पावसात कापडी टपातून पाणी येतंच.

माझं आवडतं काम एसयू कार्ब्युरेटरचं, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचं. वरचं टोपण फिरवून उचललं की त्याला लागलेली बारीक दांडी बाहेर येते. आत जरासं तेल घालायचं आणि दांडी परत खाली सोडायची. बोटाला मऊसा विरोध जाणवला की झालं. हे तेल आटलं तर ॲक्सिलरेटर दाबताच आतला पिस्टन झपकन वर जातो, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि गाडी क्षणभर गुदमरते. दहा मिनिटांचं काम, पण फरक लगेच कळतो.

घेताना मात्र इंजिनाआधी दाराखालच्या सिल, म्हणजे पत्र्याच्या लांब पट्ट्या, बघा. चासी नाही, वर पक्कं छप्पर नाही, त्यामुळे रोडस्टरचा कणा म्हणजे याच सिल. गाडी जॅकवर उचलली आणि दाराची फट आवळली, तर सरळ घरी या. वरच्या चकचकीत रंगाला भुलू नका. मी फिकट रंगाची, पण सिल नीट बदलल्याच्या पावत्या असलेली गाडी निवडली.

१९७४च्या शेवटी अमेरिकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवली. वळणावरची मजा तिथे कमी झाली, म्हणून मी त्याआधीची, चकाकत्या क्रोम बंपरवालीच शोधली. १९८०पर्यंत पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. अगदी नवी कोरी बॉडीसुद्धा: ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८पासून जुन्याच साच्यांवर ती बनवायला घेतली.