मसाई माराला जाताय? पार्क फीचं तिकीट रोज स्वतःच्या हातात घ्या, आमचे 800 डॉलर असे गेले

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं, मी, बायको आणि आई-बाबा, केनियाला मसाई मारा करून आलो. तिथे आमची जी फसवणूक झाली ती जरा सविस्तर लिहितोय, कारण पुढच्या सीझनचं बुकिंग लोक आत्तापासूनच करायला लागलेत आणि हेच अजून कुणाच्या आई-बाबांच्या वाट्याला येऊ नये.

आईचं वय 68. विल्डेबीस्टचे (गाईसारखे दिसणारे मोठे हरिणवर्गीय प्राणी) कळप मारा नदीत उड्या टाकतात ते टीव्हीवर बघून बघून तिने एकच सांगितलं होतं, सिंह दिसला नाही तरी चालेल, मला ती नदी दाखव. म्हणून या कळपांच्या स्थलांतराचा, मायग्रेशनचा, जुलै ते ऑक्टोबरमधलाच काळ पकडला. पुण्यातल्याच एका एजंटकडून बुकिंग केलं, ओळखीतून नंबर मिळाला होता, दादा दादा करून गोड बोलायचा. मारात 3 रात्री, त्यात 2 फुल डे पार्कमध्ये, पार्क फीसकट, आमच्या चौघांसाठी वेगळी लँडक्रूझर. बाकीच्यांपेक्षा माणशी 20-22 हजार कमी सांगितले आणि कारण दिलं की तिकडे आपला डायरेक्ट माणूस आहे, मधे कुणी नाही. पटलं आम्हाला. पैसे त्याच्या पर्सनल अकाउंटला टाकले, ही माझी पहिली चूक. यलो फिवरची लस, ईटीए (केनियात जायची ऑनलाइन परवानगी), इन्शुरन्स सगळं महिनाभर आधी नीट केलं होतं, लसीचं तर आई-बाबांच्या वयामुळे डॉक्टरांशी दोनदा बोलून घेतलं, पण पार्क फी नेमकी कधी आणि कुठे भरली जाते हे मात्र एकदाही विचारलं नाही.

आता ही फीच आधी समजून घ्या कारण सगळा घोळ तिथेच आहे. मारा रिझर्व्हची, म्हणजे पार्कची, फी परदेशी मोठ्या माणसाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर, माणशी आणि दर दिवसाला, 2024 पासून हा रेट आहे. तिकीट पूर्वीसारखं 24 तासांचं नसतं, सकाळी 6 ते संध्याकाळी 6 असं 12 तासांचं असतं. म्हणजे मायग्रेशनच्या दिवसांत चार जणांची 2 दिवसांची नुसती फी झाली 1600 डॉलर. एक दिवस खाल्ला की 800 डॉलर, जवळपास 70 हजार रुपये कुणाच्यातरी खिशात.

आणि तो दिवस खाता येतो कारण माराला कुंपण नाही. रिझर्व्हच्या बाहेर मसाई लोकांच्या जमिनी आहेत, तिथेही झेब्रा, जिराफ, इम्पाला आरामात फिरतात, विल्डेबीस्टसुद्धा येतात. नवीन माणसाला आत कुठे आणि बाहेर कुठे काही कळत नाही. (बाहेर कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे मसाई लोकांच्या जमिनींवर वन्यप्राण्यांसाठी राखलेले भाग, पण आहेत, त्यांची फी वेगळी असते आणि तिथली सफारी चांगली असते, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आम्हाला तिथेही नेलं नव्हतं.)

पहिल्या दिवशी नैरोबीहून रिफ्ट व्हॅलीचा व्ह्यू पॉइंट, नारोक करत दुपारी पोचलो, कॅम्प सेकेनानी गेटच्या बाहेर. दुसऱ्या दिवशी पहाटे 6 ला निघालो, गेटवर ड्रायव्हर उतरला, कागद घेऊन आला, डॅशबोर्डमध्ये ठेवले आणि आत गेलो. तो दिवस खरंच सुंदर होता, खोटं कशाला बोलू. गवतात पाच सिंहिणी, एका टेकाडावर चित्ता आणि तिची दोन पिल्लं, आम्ही श्वास रोखून बसलो होतो. नदीचं विचारलं तर म्हणाला ती पश्चिमेला आहे, लांब आहे, उद्या पूर्ण दिवस नदीवरच.

तिसऱ्या दिवशी 6 ऐवजी 9 ला निघालो. कारण सांगितलं की गेटवर मायग्रेशनची गर्दी आहे, दुसऱ्या गेटने जायचंय. गेट काही आलं नाही. कच्च्या वाटेने झुडपांतून फिरत राहिलो, जिराफ दिसले, झेब्र्यांचा मोठा कळप दिसला, आम्ही फोटो काढत होतो. आई दुर्बीण मांडीवर ठेवून गप्प बसली होती. मग म्हणाली, अरे आज घंटा वाजतायत, काल नव्हत्या. मी कान दिला तर खरंच, झुडपांपलीकडे गाईंच्या गळ्यातल्या घंटा, थोडं पुढे लाल शुका (मसाई लोकांचं पांघरायचं कापड) पांघरलेला पोरगा गुरं हाकत होता. आईचं सगळं आयुष्य गावात गेलंय, तिच्या कानाला ते आधी कळलं. मी ड्रायव्हरला विचारलं आपण पार्कमध्येच आहोत ना, तर म्हणाला सेम मारा, सेम अ‍ॅनिमल्स, नो फेन्स. दीडला जेवायला कॅम्पवर परत. नदीचं म्हणाला आज कळप तिकडे नाहीत.

रात्री जेवताना शेजारच्या टेबलवर नाशिकचे एक काका-काकू होते. मराठी ऐकून त्यांनीच हाक मारली. ते त्याच दिवशी नदीवर तीन तास गाडीत थांबले होते आणि त्यांना क्रॉसिंग, म्हणजे कळप नदी पार करताना, दिसलं, काकू सांगताना अजून थरथरत होत्या. काकांनी पाकिटातून तिकिटं काढून दाखवली, तारीख आणि वेळ छापलेली, म्हणाले मी रोज ड्रायव्हरकडून मागून घेतो. आमच्याकडे एकही नव्हतं.

ड्रायव्हरला बाजूला घेतलं. आधी ऑफिसला लागतात तिकिटं वगैरे बोलला, मग बिचाऱ्याने फोन काढून मला एम-पेसाचे (तिथली मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय) मेसेज दाखवले. ऑफिसने त्याला एकाच दिवसाची फी पाठवली होती, दुसऱ्या दिवशी बाहेरच फिरव असा निरोप होता. माझा राग त्याच्यावरून तिथेच उतरला, तो पगारावर काम करणारा माणूस, घरी चार पोरं. चौथ्या दिवशी मी स्वतः कार्डने 800 डॉलर भरायला तयार होतो, पण संध्याकाळची फ्लाइट होती आणि गेटपासून नदी एका बाजूनेच दीड-दोन तास, गेटपासून नैरोबी अजून 5-6 तास. बसत नव्हतं. आई म्हणाली, राहू दे, आपण सिंह बघितले. तिने तसं म्हटल्याचा मला जास्त त्रास झाला.

परत आल्यावर एजंटचं उत्तर काय, तर दादा प्राणी दिसले ना मग प्रॉब्लेम काय. प्रॉब्लेम हा की जी फी कधी भरलीच नाही ती आमच्याकडून घेतली. आणि रेंजर, रस्ते, शिकारीवर लक्ष हे सगळं ज्या फीवर चालतं ती माराला पण मिळाली नाही, तोंडाला पानं पुसली ती आमच्या एकट्याच्या नाही.

त्यामुळे बुकिंगच्या आधी मेलवर लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर नाही: किती दिवस रिझर्व्हच्या आत, कोणत्या गेटने, फी एकूण रकमेत वेगळी दाखवलेली, कॅम्प गेटच्या आत की बाहेर. आपल्या एजंटला केनियातल्या कंपनीचं नाव विचारा आणि तिच्याकडे तिथल्या टुरिझम रेग्युलेटरी अथॉरिटीचं लायसन्स आहे का, ती केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सची मेंबर आहे का ते बघा. आमच्या एजंटने नाव शेवटपर्यंत दिलं नाही, तिथेच थांबायला हवं होतं. गेटवर ड्रायव्हर तिकिटं घेऊन आला की लगेच मागा, तारीख बघा, फोटो काढा, गाडी सुरू व्हायच्या आधी.

मी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकली, बँकेचे ट्रान्सफर आणि त्याचे 2 फुल डे लिहिलेले मेसेज जोडले. त्यानंतर त्याने 25 हजार परत केले आणि बाकीचं तिकडच्या ऑफिसकडून आलं की देतो म्हणाला, ते अजून आलेलं नाही. मी सोडणार नाहीये. त्या एका दिवसाची आमची चार तिकिटं निघताना ड्रायव्हरने आणून दिली, ती मी सांभाळून ठेवलीत, ज्यांना कागद कसा दिसतो ते बघायचं असेल त्यांनी सांगा, फोटो पाठवतो.