गोठणे, थिजणे, साकळणे, क्लथन: रक्ताविषयी लिहिताना कोणता शब्द घ्यावा?

इंग्रजीतील 'कोॲग्युलेशन' (रक्तासारखा द्रव घट्ट होणे) या संज्ञेसाठी मराठीत हे चार पर्याय समोर येतात, आणि आरोग्यविषयक मजकूर लिहिणाऱ्याला त्यांपैकी एकाची निवड करावीच लागते. लॅटिनमध्ये 'कोआगुलुम' म्हणजे दुधाचे चीज करताना वापरले जाणारे, वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट, आणि त्यामागचे क्रियापद 'कोगेरे' म्हणजे एकत्र हाकणे. थंडीचा येथे काहीच संबंध नाही. थंडीसाठीचा शब्द 'गेलू', म्हणजे हिम. इंग्रजीतील 'कंजील' (थंडीने घट्ट होणे) आणि 'जिलेटिन' हे शब्द त्या घराण्यातले आहेत.

मराठी 'गोठणे' या दोन्ही अर्थांना पुरते, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. पाण्याचा बर्फ होतो तोही गोठून आणि जखमेतले रक्त घट्ट होते तेही गोठून, मात्र बर्फ उष्णतेने पुन्हा वितळतो, तर फायब्रिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे विणले जाऊन घट्ट झालेले रक्त कितीही ऊब दिली तरी पूर्ववत पातळ होत नाही. (शरीर गुठळी प्लाझ्मिन या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने हळूहळू विरघळवते, पण ती प्रक्रिया निराळी.) तरीही 'रक्त गोठणे' हा प्रयोग शाळेच्या पुस्तकांपासून दवाखान्यापर्यंत इतका रुळला आहे की रुग्णासाठीच्या पत्रकात मी तोच ठेवीन.

'थिजणे' मात्र रक्तासाठी टाळावे. या क्रियापदाचा संबंध संस्कृत 'स्त्यै' या धातूशी जोडला जातो आणि त्याचे खरे क्षेत्र तूप व खोबरेल यांचे आहे. खोबरेल साधारण 24 अंश सेल्सिअसच्या खाली थिजते आणि उन्हात ठेवले की पातळ होते. भीतीने माणूस थिजतो, ते रक्तवाहिन्यांच्या लेखात कामाचे नाही.

'साकळणे' अर्थाने जवळचे असले तरी मुका मार लागून त्वचेखाली साचलेले रक्त बहुतेकांना त्यातून आधी आठवते. म्हणून काळ्यानिळ्या डागाचे वर्णन करताना ते अचूक आहे, पण रक्तस्राव थांबवणाऱ्या प्रक्रियेला ते नाव दिले तर वाचक गोंधळेल. 'क्लथन' हा पारिभाषिक शब्द आहे. पाठ्यपुस्तकात किंवा कोशात तो शोभतो, अन्यत्र पहिल्या उल्लेखाबरोबर त्याचा अर्थ सांगावा लागतो.

खरी कसोटी रक्तपेढीच्या माहितीपत्रकात लागते. रक्तघटक वेगळे केल्यावर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव भाग, उणे 18 अंश किंवा त्याहून कमी तापमानात साठवतात, आणि रक्त घट्ट होण्यास लागणारी प्रथिने कमी पडलेल्या रुग्णाला तो देतात. येथे 'रक्त गोठावे म्हणून गोठवलेला प्लाझ्मा' असे लिहिले तर वाक्याचा घोटाळा होतो. अशा ठिकाणी 'गोठवलेला' हे विशेषण प्लाझ्म्यासाठी राखून ठेवावे आणि दुसऱ्या क्रियेसाठी 'रक्ताची गुठळी होणे' असे लिहावे.